निजेला धोंडा की मेमरी फोम?

घोडबंदर रोडवरच्या गाद्यांच्या शोरूममध्ये प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी जाड प्लास्टिकची पट्टी अंथरलेली असते. गिऱ्हाइकाला बूट-चपला काढायला न लावता आडवं करायची ही सोय. शनिवारी संध्याकाळी इथे पाय ठेवायला जागा नसते. एका सहा बाय सहाच्या पलंगावर नवरा एका कडेला, बायको दुसऱ्या कडेला, दोघंही हात पोटावर ठेवून छताकडे बघतायत. सासूबाई शेजारच्या खुर्चीवर पिशव्या सांभाळत बसल्यात. सेल्समन नवऱ्याला कूस बदलायला लावतो आणि बायकोला विचारतो, "मॅडम, तुमच्याकडे हललं काही?"

"नाही."

"हेच पॉकेट स्प्रिंग."

पाठीवर अर्धा मिनिट, कुशीवर अर्धा मिनिट, पुढच्या गादीकडे. आठ-दहा वर्षांच्या रात्रींचा निर्णय एवढ्यात होतो. किंमत दहा-बारा हजारांपासून सुरू होते आणि लाखाच्या पुढे कुठेही थांबते. मध्ये कधीतरी सेल्समन हळूच विचारतो, "झोपेचा काही त्रास?" आणि जवळजवळ प्रत्येक जण मान डोलावतो. कुणाची कंबर धरते, कुणाला तीन वाजता जाग येते, कुणाला नवऱ्याच्या घोरण्याने झोप नाही. सेल्समनकडे या सगळ्यांवर गादी आहे.

यंदाच्या अंकाचा विषय 'रात्र' ठरला तेव्हा संपादकांनी माझ्या हातात एकच प्रश्न दिला. झोप लागत नाही म्हणून माणसं महागड्या गाद्या-उशा घेतात, त्याने झोप लागते का? आपल्याकडे याचं उत्तर कधीच देऊन ठेवलेलं आहे: भुकेला कोंडा, निजेला धोंडा. पण ही म्हण डोळे मिटू लागलेल्या माणसाची आहे. शोरूममध्ये येणाऱ्याची गोष्ट नेमकी उलटी. त्याच्याकडे अंथरूण आहे, नीज नाही.

गादीच्या पोटात

दुकानाच्या कोपऱ्यात गाद्यांचे कापलेले नमुने मांडलेले असतात. आतले थर दिसावेत म्हणून. गादी समजून घ्यायची तर हा कोपरा सगळ्यात उपयोगाचा, आणि तिथे सहसा कुणी थांबत नाही.

सगळ्यात ओळखीचा थर काथ्याचा. नारळाच्या सोडणाच्या तंतूंना पीळ देऊन, त्यावर रबराचा चीक फवारून, दाबून केलेला ठोकळा. साठच्या दशकात कर्नाटक-केरळच्या पट्ट्यात हा धंदा उभा राहिला. 'कर्ल-ऑन' आणि 'ड्युरोफ्लेक्स' ही नावं तेव्हाची. काथ्या कडक असतो, त्यातून हवा खेळते, पण वर्षानुवर्षं एकाच जागी वजन पडलं की तिथे तो खचतो.

त्याच्या शेजारी रंगीबेरंगी ठिपक्यांचा थर दिसतो. तो रिबॉन्डेड फोम. कारखान्यात उरलेले फोमचे तुकडे चिकटवून आणि दाबून बनवलेला, त्यामुळे चांगलाच टणक. 'ऑर्थो' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाद्यांच्या पोटात हा असतो. अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासून शिक्का मारावा अशी कुठलीही परीक्षा या 'ऑर्थो'मागे नाही. ज्याला वाटेल तो लावतो.

मग साधा पीयू फोम. इथे सेल्समन "फॉर्टी डेन्सिटी आहे" असं म्हणून थांबतो, जणू निकाल लागला. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती किलो, एवढंच. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो. तो पाठीला मऊ लागेल की कडक, हे त्यावरून ठरत नाही. जास्त डेन्सिटीचा फोम मऊ असू शकतो आणि कमी डेन्सिटीचा कडक. दुकानात मात्र दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातात.

आणि शेवटी सगळ्यांचा लाडका मेमरी फोम. सेल्समन त्यावर पंजा दाबतो, उचलतो, आणि बोटांचा ठसा सावकाश भरून येताना सगळे बघत राहतात. १९६६ मध्ये 'नासा'च्या एम्स संशोधन केंद्रासाठी चार्ल्स योस्ट या अभियंत्याने हा फोम तयार केला. उद्देश झोपेचा नव्हता. विमानाच्या आसनावर बसलेल्याला धक्का कमी बसावा, हा होता. गादीच्या रूपात तो बाजारात आला १९९१ मध्ये, स्वीडनमध्ये. हा फोम उबेने मऊ होतो. अंगाची ऊब लागली तिथे खाली जातो आणि खांद्याचा, कमरेचा भार पसरवतो. याच गुणाची दुसरी बाजू दुकानात कळत नाही, कारण दुकानात एसी असतो. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान साधारण एक अंशाने उतरावं लागतं, आणि ती उष्णता कातडीतून बाहेर पडते. मेमरी फोम अंगाला चहूकडून धरतो आणि ऊबही धरून ठेवतो. स्वीडनच्या थंडीत ही चैन. मे महिन्यात डोंबिवलीत, पंख्याखाली, हीच गादी पाठ ओली करते. 'कूलिंग जेल'चा थर सुरुवातीला गार लागतो, पण अंगाइतका तापला की त्याचं काम संपतं.

गादी कारखाना

कल्याणमध्ये एका गल्लीत पत्र्याच्या शेडवर 'गादी कारखाना' अशी पाटी आहे. आत पिंजण्याचं मशीन घरघरतंय आणि हवेत कापसाचे कण तरंगतायत. तोंडाला रुमाल बांधलेले चाचा एक जुनी गादी फोडत बसलेत. दाभणाने टाके उसवले, गादीपाटाची खोळ उलटी केली, आणि आतून करड्या रंगाचे घट्ट गोळे जमिनीवर पडले. ते मशीनच्या एका तोंडात गेले आणि दुसऱ्या तोंडातून पांढरा ढीग फुगत बाहेर आला. चाचांचे वडील दारोदार फिरायचे, खांद्यावर पिंजण घेऊन. तिच्या तातेचा आवाज आला की बायका वरच्या मजल्यावरून हाक मारायच्या आणि चाळीच्या अंगणातच गादी भरून व्हायची.

"लोक म्हणतात गादी खराब झाली," चाचा म्हणाले. "कापूस खराब होत नाही, ताई. बसतो. त्याला फोडला की परत उभा राहतो."

नव्या गादीसाठी त्यांच्याकडे दोन-तीन प्रतींचा कापूस आहे. स्वस्तातला गिरणीचा उरलेला, त्याला लवकर गाठी होतात. चांगला लांब धाग्याचा महाग. सावरीचा कापूस फक्त उशीसाठी, तोही आता क्वचित. इतका हलका असतो की पंखा चालू ठेवून भरता येत नाही. पिंजलेला कापूस खोळीत पसरून ते काठीने झोडपतात, कोपऱ्यांत हाताने दाबतात, मग ओळीने टाके घालतात. टाके दूर पडले तर कापूस सरकतो आणि मध्ये खड्डा होतो. जवळ पडले तर गादी फळीसारखी लागते. गिऱ्हाइकाचं वजन विचारता का, असं मी विचारलं. "विचारत नाही, बघतो," ते म्हणाले.

झोप येत नाही अशी तक्रार घेऊन किती जण येतात?

चाचांनी मशीन बंद केलं. "त्यासाठी कुणी आलं नाही कधी. कंबर दुखते म्हणून येतात, पाहुणे येणार म्हणून येतात, लग्न आहे म्हणून येतात. झोप आणि गादीचा काय संबंध?"

घोडबंदर रोडवर ज्या संबंधावर सगळा धंदा उभा आहे, तो कल्याणला कुणाच्या गावीही नाही. गेल्या दहा वर्षांत गादीची दुकानं झोपेची दुकानं झाली. २०१६ मध्ये बेंगळुरूला सुरू झालेल्या 'वेकफिट' कंपनीने २०१९ मध्ये चक्क झोपायची इंटर्नशिप जाहीर केली: शंभर रात्री नऊ-नऊ तास झोपा, एक लाख रुपये घ्या. जाहिरात म्हणून ती कमालीची यशस्वी झाली. गादी खोक्यात गुंडाळून दारात येऊ लागली, शंभर रात्री वापरून नको असेल तर परत. खरेदीचं कारणही बदललं. गादी झिजली म्हणून घेणारा मागे पडला, आपली झोप बिघडली असं वाटणारा पुढे आला.

फळीवर झोपा, असं सांगणारे डॉक्टर

चाचांकडे येणाऱ्यांची कंबर मात्र खरी आहे, आणि तिथे गादीचा संबंध तपासला गेलेला आहे. आपल्याकडे कंबर धरली की घरातलं वडीलधारं माणूस सांगणार, "जमिनीवर झोप. मऊ गादीनेच हे झालंय." एका पिढीच्या डॉक्टरांनीही गादीखाली फळी टाका असंच सांगितलं. हा सल्ला स्पेनमध्ये कसून पाहिला गेला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांना चिठ्ठ्या टाकल्यागत दोन गटांत वाटलं. अर्ध्यांना कडक गादी, अर्ध्यांना मध्यम कडक. कुणाला कोणती मिळाली हे त्यांना सांगितलं नव्हतं. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचं पडल्यावरचं आणि उठतानाचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं.

कारण शरीराच्या आकारात आहे. कुशीवर झोपलं की सगळा भार खांद्यावर आणि नितंबावर येतो. कडक अंथरुणात हे दोन उंचवटे आत जात नाहीत, कंबर अधांतरी राहते, आणि दबलेल्या जागा दुखून माणूस सारखी कूस बदलतो. फार मऊ गादीत नितंब खोल जातात आणि कणा झोळीसारखा वाकतो. हवं ते या दोन्हींच्या मधलं. पण मध्यम म्हणजे किती, हे वजनावर ठरतं. पंचेचाळीस किलोच्या बाईला जी गादी कडक लागते, तीच नव्वद किलोच्या नवऱ्याला मऊ लागते. एका पलंगावर एकच अखंड गादी टाकायची आपली पद्धत इथे आड येते. दोन सुट्या गाद्या शेजारी टाकणं कुणालाच पसंत नसतं, मात्र बऱ्याच कंबरांचा प्रश्न त्याने सुटेल.

गादीने नक्की फरक पडतो अशी एक जागा शोरूममध्ये नाही, सर्जिकल सामानाच्या दुकानात आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठीचा एअर बेड. रबरी फुग्यांच्या ओळी, पलंगाला अडकवलेला छोटा पंप, आणि ठरावीक वेळाने एक ओळ भरते तेव्हा शेजारची रिकामी होते. कातडीच्या एकाच जागी दाब राहू नये, रक्त फिरत राहावं आणि बेडसोअर होऊ नयेत म्हणून. पंपाच्या आवाजाने कधीकधी रुग्णाची झोप मोडते, पण नातेवाईक गादी परत करत नाहीत. तिचं काम काय आहे हे त्यांना पक्कं माहीत असतं.

उशीची उंची

उशांच्या फळीवर गादीपेक्षाही जास्त आश्वासनं रचलेली असतात. सर्व्हायकल, काँटूर, नी-पिलो, वेज, प्रेग्नन्सी. यातल्या प्रत्येकीला एखादं ठरावीक काम आहे, तेवढंच तिच्याकडून मागावं.

कुशीवर झोपणाऱ्याच्या कानापासून गादीपर्यंत खांद्याएवढं अंतर पडतं, ते भरेल इतकी उंच उशी हवी. उताण्या झोपणाऱ्याला पातळ पुरते. पालथं झोपायची सवय असेल तर जवळजवळ नकोच, नाहीतर रात्रभर मान मागे मुरगळून राहते. मानदुखीच्या रुग्णांवर उशांचे जे प्रयोग झाले, त्यांच्या एकत्रित आढाव्यात रबराच्या आणि स्प्रिंगच्या उशांनी सकाळचं दुखणं आणि आखडणं कमी झालेलं दिसलं. झोपेच्या दर्जात मात्र म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. मान बरी झाली, झोप होती तशीच राहिली.

जेवणानंतर आंबट पाणी घशाशी येणाऱ्यांना उताराची वेज उशी खरोखर उपयोगी पडते. दोन-तीन साध्या उशा रचून ते काम होत नाही. त्याने फक्त मान उचलली जाते आणि पोट दुमडून त्यावर दाब वाढतो. गावाकडे पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवतात, तो उपाय उत्तम आणि फुकट. शिवाय डाव्या कुशीवर झोपावं. गरोदरपणात शेवटच्या तीन महिन्यांत कुशीवर झोपायला सांगतात, तेव्हा पोटाखाली आणि गुडघ्यांमध्ये आधार हवा असतो. त्यासाठी इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराची पाच हजारांची उशी लागतेच असं नाही, घडी घातलेली गोधडीही चालते.

आणि एक उशी न घेण्याची. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून आपल्याकडे मोहरीची उशी शिवतात. आता ती कार्टूनच्या चित्रांसह ऑनलाइनही मिळते. पहिलं वर्षभर बाळाला कुठलीच उशी नको, सपाट आणि टणक अंथरुणावर उताणं झोपवावं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. गुदमरण्याचा धोका टाळण्यासाठी हा नियम आहे, आणि त्यात मोहरीला सूट नाही.

हॉटेलात झोप लागते का?

शोरूममध्ये एक हुकमी प्रश्न विचारला जातो: "साहेब, हॉटेलात चांगली झोप लागते ना?" हो म्हटलं की सेल्समन जिंकला. म्हणजे घरची गादी वाईट.

पुण्यात निद्राविकारांवर उपचार करणाऱ्या एक डॉक्टर हाच प्रश्न विचारतात आणि त्याच उत्तरावरून वेगळ्याच ठिकाणी पोचतात. निरोगी माणसाला परक्या जागी पहिल्या रात्री सहसा कमी झोप लागते. मेंदू थोडा पहाऱ्यावर राहतो. जुनाट निद्रानाशाच्या रुग्णाचं अनेकदा उलट असतं. घरी रात्र-रात्र तळमळणारा माणूस मामाच्या गावी सतरंजीवर घोरतो, बसमध्ये डुलक्या काढतो, टीव्हीपुढे सोफ्यावर पेंगतो, आणि उठून पलंगावर गेला की टक्क जागा. "कारण त्या पलंगावर त्याने वर्षभर जागरण केलेलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. "पलंग दिसला की शरीराला जागरण आठवतं. त्यावरची गादी बदलून तो पलंग बदलत नाही."

यावरचा उपचार गोळी नाही आणि गादीही नाही. अमेरिकेतल्या फिजिशियन्सच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशासाठी पहिला उपाय म्हणून ज्याची शिफारस केली, ती वर्तनाची शिस्त आहे. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये तिचा एक नियम घालून दिला: झोप आली तरच पलंगावर जा, लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, पलंगावर मोबाइल नाही, जेवण नाही, हिशेब नाही. आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये त्याहून कठोर गोष्ट मांडली. आठ तास पडून पाच तास झोपत असाल तर पडूच पाच-साडेपाच तास. झोप सलग झाली की मग पाव-पाव तास वाढवा. पहिले काही दिवस रुग्ण वैतागतात. पंचाहत्तर हजारांची गादी घेतलेल्या माणसाला तिच्यावर कमी वेळ घालवा, हे पटवून देणं सोपं नसतं.

डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात त्या दिवशी बसलेले निम्मे लोक वेगळ्याच तक्रारीचे होते. त्यांना झोप लागते, फार लागते, पण सकाळी उठल्यावर आराम वाटत नाही. त्यांची बायको सांगते की रात्री घोरणं मध्येच थांबतं, श्वास अडकतो आणि मग हे दचकून उठतात. हा स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू अर्धवट जागा करतो. हे तासाला कितीतरी वेळा. 'एम्स'च्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये केलेल्या अंदाजानुसार देशात सुमारे १०.४ कोटी प्रौढांना हा त्रास आहे. काहींना कुशीवर झोपल्याने तो कमी होतो. त्यांना पाठीमागे लावलेला लोडही मदत करतो. पण आजार मध्यम किंवा तीव्र असेल तर स्लीप स्टडी करून, हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र लावावं लागतं. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी ते लोकांपुढे आणलं. 'अँटी-स्नोअर' उशी घेऊन या माणसाने दोन वर्षं काढली, तर ती दोन वर्षं त्याचा रक्तदाब वाढत राहतो. चुकीच्या गादीचं नुकसान पैशाचं. इथे वेळेचं नुकसान आहे, आणि ते जास्त महाग पडतं.

चेन्नईतला प्रयोग

गादी-उशी दिली तर गरिबाची झोप सुधारेल का, हे चेन्नईत अर्थशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष करून पाहिलं. त्यांचा लेख २०२१ मध्ये 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये आला. कमी उत्पन्नाच्या साडेचारशे माणसांना डेटा एंट्रीचं काम दिलं आणि मनगटावर झोप मोजणारं यंत्र बांधलं. पहिलीच नोंद बोलकी होती. ही माणसं रात्री आठ तास पडलेली असायची, झोपायची मात्र साडेपाच तास. उकाडा, डास, रस्त्याचा आवाज, एका खोलीत सगळं घर.

मग काहींना झोपेबद्दल माहिती दिली, झोपायला प्रोत्साहन दिलं आणि घरी गादी, उशी, खाट, टेबल फॅन, कानात घालायचे बोळे, डोळ्यांवरची पट्टी अशा वस्तू दिल्या. तीन आठवड्यांत झोप रात्रीला २७ मिनिटांनी वाढली. पण ती वाढली माणसं पलंगावर जास्त वेळ पडून राहिली म्हणून. झोप पूर्वीइतकीच तुटक राहिली. आणि त्या वाढीव झोपेचा काम, बुद्धी, मन:स्थिती यांवर मोजता येईल असा काहीच परिणाम दिसला नाही. दुपारी कामाच्या जागी दिलेल्या छोट्या डुलकीने मात्र कामाचा वेग वाढला आणि मनालाही बरं वाटलं.

ज्याच्या झोपेत रात्री दहा वेळा व्यत्यय येतो, त्याला गादी त्यातल्या एखाद-दुसऱ्यापासून वाचवते. उरलेले आठ बाहेरून येतात. घोडबंदर रोडच्या बाविसाव्या मजल्यावर राहणाऱ्याला उकाडा नाही, डास नाहीत. त्याच्याकडे दीड तासाचा प्रवास आहे, रात्री अकराची अमेरिकेबरोबरची मीटिंग आहे आणि उशाशी मोबाइल आहे. तेही गादीच्या बाहेरचंच.

मग घ्यायची की नाही?

गादीच्या मध्ये खड्डा पडला असेल, सकाळी कंबर धरत असेल आणि उठून हिंडल्यावर तासाभरात सुटत असेल, तर गादीच बदला. मध्यम कडक घ्या. दुकानात अर्ध्या मिनिटावर समाधान मानू नका. ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर, आपल्या घरच्या उशीसारखी उशी घेऊन, निदान दहा मिनिटं पडा. सेल्समन काही म्हणत नाही. कापसाची गादी असेल तर आधी ती पिंजून बघा. नव्या गादीच्या किमतीपुढे पिंजाईचा खर्च किरकोळ आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत जाड मेमरी फोमच्या वाट्याला जाण्याआधी आपल्या खोलीत एसी रात्रभर चालतो का, हे बघा. घोरताना श्वास अडकत असेल तर शोरूम नको, डॉक्टर गाठा.

यातलं काहीच नसेल, नुसतीच झोप येत नसेल, तर शंभर रात्रींच्या त्या सवलतीचा खरा उपयोग करता येईल. निद्राविकाराच्या डॉक्टर पहिल्याच भेटीत रुग्णाला एक वही करायला सांगतात: किती वाजता पडलात, साधारण कधी झोप लागली, किती वेळा जाग आली, कधी उठलात, दिवसा किती झोप काढली, चहा-कॉफी कधी घेतली. ती वही गादी मागवण्याआधी दोन आठवडे जुन्याच अंथरुणावर लिहावी. बऱ्याच जणांचा प्रश्न तिथेच उघडा पडतो. रविवारी दहाला उठणं, संध्याकाळी सातचा चहा, सोफ्यावरची डुलकी हे सगळं स्वतःच्याच अक्षरात समोर येतं. तरीही गादी मागवलीच, तर नव्या गादीवरही तीच वही चालू ठेवावी आणि शंभराव्या रात्रीच्या आत दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बघाव्यात. जागं राहण्याचे तास कमी झाले नसतील तर गादी खोक्यात घालून परत पाठवावी. कंपनी पैसे परत देते, कारण फार थोडी माणसं तेवढा हिशेब ठेवतात.